पहिली वाफ

आई सवयीनं मागच्या बोळात वळली आणि मी तिचा पदर धरून तिला पुन्हा रस्त्यावर आणलं.

"तिकडनं नाही. पुढनं," मी म्हणाले.

"पाय आपोआप गेले बघ," ती म्हणाली आणि उगीचच पदर सारखा करू लागली.

संध्याकाळचे सात वाजले होते. 'निवांत भोजनालय' या पाटीवरची ट्यूब नुकतीच लागली होती आणि नेहमीसारखी फडफडत होती. बार्शीत लातूर रस्त्याला ही खानावळ आहे. नाव निवांत असलं तरी आत मी कोणालाही निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं, मालक नागनाथ अण्णांनाही नाही. मी चार वर्षांची असल्यापासून सहावीत असेपर्यंत आईनं तिथं भाकऱ्या थापल्या. मागच्या बोळातल्या दारानं आत जायचं, चपला दाराशी काढायच्या, चुलीपुढं बसायचं आणि त्याच दारानं घरी यायचं. एका कापडी पडद्यापलीकडं टेबलं होती. पडद्याच्या अलीकडं ज्वारीच्या पिठाची पोती होती आणि त्यातल्या एका पोत्यावर शाळा सुटल्यावर मी असायचे. पाढे, निबंध, नकाशा भरणं, सगळं त्या पोत्यावर झालं. म्हणून माझ्या वह्यांवर मार्कांपेक्षा पीठ जास्त असायचं. पप्पा ट्रकवर. पंधरा पंधरा दिवसांनी घरी यायचे. त्यामुळं माझी संध्याकाळ निवांतमध्येच जायची आणि खरं सांगायचं तर मला ती जागा घरापेक्षा आवडायची.

अण्णांचा एक नियम होता. चुलीवरची पहिली वाफ गिऱ्हाइकाची. तव्यावरून उतरलेली गरम भाकरी पडद्यापलीकडंच गेली पाहिजे. थापताना फुटलेली, काठाला चिरलेली, एका अंगाला करपलेली भाकरी टोपल्याखाली सरकवायची आणि गिऱ्हाईक संपलं की थापणाऱ्या बायांनी ती खायची. तोपर्यंत तिचं चामडं झालेलं असायचं. यात अण्णा वाईट होते असं नाही. सगळ्या खानावळींत असंच असतं, असं आईच सांगायची.

मी सहावीत असताना आईनं ते काम सोडलं. कंबर धरली, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. मग ती शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काज-बटणाच्या कामाला लागली. तिथं मला बसायला पोतं नव्हतं.

आणि आठवीत माझी खो-खोच्या जिल्हा संघात निवड झाली. आमच्या शाळेतून मी एकटीच. त्या आठवड्यात मी चालतसुद्धा नव्हते, पळतच होते, आणि जो भेटेल त्याला न विचारता सांगत होते. आई म्हणाली, काय पाहिजे ते माग. तिला वाटलं मी बूट मागेन. मी म्हणाले, निवांतमध्ये जेवायला जायचं, आपण दोघी, गिऱ्हाईक म्हणून.

आठ दिवस ती नाही म्हणत होती. ड्रेस घे म्हणाली. सोलापूरला जाऊ म्हणाली. हॉटेलातच जायचं तर डोसा खाऊ, भाकरी काय घरी मिळत नाही का, असंही म्हणून झालं. पण मी हटून बसले. मला एवढंच बघायचं होतं की आई पुढच्या दारानं आत गेली, पंख्याखालच्या टेबलाशी बसली आणि तव्यावरून थेट ताटात आलेली अख्खी, टम्म फुगलेली भाकरी तिनं खाल्ली. सात वर्षांत तिनं हजारो भाकऱ्या थापल्या आणि तिथं एकही अख्खी खाल्ली नाही, हे मी पोत्यावर बसून पाहिलं होतं. ते मला एकदा फिटवून टाकायचं होतं.

शेवटी ती तयार झाली. भाचीच्या लग्नातली जांभळी साडी नेसली. आणि मागच्या बोळात वळली.

पुढच्या दाराशी तिनं दुसरी चूक केली. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. आत सगळे चपला-बुटांतच बसले होते. मी तिला कोपरानं ढोसलं, तर ती म्हणाली, असू दे, कुठं चोरीला जातायत. मग मीही माझे खो-खोचे बूट काढले, कारण दोघींनी काढले तर ती चूक दिसत नाही.

गल्ल्यावर अण्णा होते. आईकडं बघून त्यांचा चेहरा उजळला आणि ते सहज बोलून गेले, "अगं शालन, मागनं यायचं की."

"आज आम्ही गिऱ्हाईक आहोत, अण्णा," मी म्हणाले.

अण्णा हसले. पोरगी लई धीट झाली म्हणाले, उंची किती वाढली म्हणाले, बसा बसा म्हणाले. पंख्याखालचं टेबल रिकामं होतं. आई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, जणू कोणी बोलावलं की लगेच उठता यावं.

इस्माईलचाचा आले. ते निवांतमध्ये वाढपी म्हणून माझ्या जन्माआधीपासून आहेत. खांद्यावरच्या फडक्यानं पुसलेलं टेबल त्यांनी पुन्हा एका कोऱ्या फडक्यानं पुसलं, पाण्याचे दोन पेले ठेवले आणि सात वर्षं जिला 'शालन, दोन टाक गं' असं ओरडत होते, तिला विचारलं, "काय घेणार, ताई?"

आई माझ्याकडं बघायला लागली. ऑर्डर मी दिली. भरलं वांगं, शेंगदाण्याची आमटी, शेंगाचटणी, कांदा, भात नंतर, आणि भाकरी गरम. गरम हा शब्द मी दोनदा म्हटला. चाचांनी मान हलवली आणि पडद्याकडं तोंड करून हाक दिली, "चार नंबरला दोन भाकरी."

चुलीपुढं बसून ती हाक ऐकताना आईच्या मानेला नेहमी एक हिसका बसायचा. आताही बसला.

वांगं आलं, आमटी आली, चटणीवर तेल आलं. भाकरी आली नाही. हळूहळू बाकीची टेबलं भरली. बाजार समितीत कांदा उतरवून आलेले पाचसहा जण होते, एक नवराबायको होते, कोपऱ्यात दोन एसटीचे कंडक्टर. सगळ्यांच्या पुढं आमटी होती आणि सगळे पडद्याकडं बघत होते.

पलीकडून थापण्याचा आवाज येत होता, पण तो अडखळत होता. थप थप थप, मग गप्प. पुन्हा थप थप, मग गप्प. आई मान खाली घालून ऐकत होती.

"पिठाला विरी नाही," ती हळू म्हणाली. "जुनं पीठ दिसतंय. उचलताना तुटत असणार. आणि ही गार पाण्यात मळायलीय."

"कोण आहे?" मी विचारलं.

चाचा पाणी भरायला आले तेव्हा त्यांनी सांगितलं. पहिल्या चुलीवरच्या मावशी जत्रेला गावी गेल्या होत्या. दुसऱ्या चुलीवर कविता नावाची नुकतंच लग्न झालेली बाई होती, महिनाभरापूर्वी कामाला लागलेली. एकटी होती आणि घाबरली होती.

कांदेवाल्यांपैकी एकानं ताटावर वाटी वाजवली. दुसरा म्हणाला, भाकरी काय शेतातनं आणायलाय का. सगळे हसले. अण्णाही हसले, पण हसता हसता गल्ल्यावरून उठले, पडद्याआड गेले, तिथं दबक्या आवाजात काहीतरी बोलले आणि बाहेर आले. मग सरळ आमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांनी आईकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं.

"शालन," ते म्हणाले, "जरा बघतेस का..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आजवर कधी करावं लागलं नव्हतं. मी टेबलाखाली आईच्या पायावर पाय ठेवला. खुर्चीच्या कडेवर बसलेली आई आता उठणार, जांभळ्या साडीचा पदर खोचणार आणि त्या पडद्याआड जाणार, हे मला इतकं दिसत होतं की मी डोळेच मिटले.

"अण्णा," आई म्हणाली, "मी जेवायला आलेय."

डोळे उघडले तर तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि ती खुर्चीत मागं टेकून बसली होती. अण्णा 'बरोबर आहे, बरोबर आहे' म्हणत गल्ल्याकडं गेले.

मला उड्या माराव्याशा वाटल्या. आई जिंकली होती. आता फक्त भाकरी यायची होती. पण ती येत नव्हती. आमटीवर साय धरायला लागली होती आणि पलीकडचा आवाज आता जवळजवळ बंद पडला होता. कंडक्टर उठून गेले. आई म्हणाली, भात सांगू या, भातावर भागेल. तिनं तसं म्हटलं आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. निदान तेव्हा तरी मला तो प्रकाश वाटला.

"हात धुऊन येते," मी म्हणाले आणि पडद्याआड गेले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मला भाकरी येत होती. नुसती येत नव्हती, चांगली येत होती. सहावीत असताना एका शनिवारी, बाजाराच्या दिवशी, दुसऱ्या चुलीची बाई आली नव्हती आणि गर्दी तुटून पडली होती. आईला न विचारता मी पोत्यावरून उतरले आणि त्या चुलीपुढं बसले. पहिल्या दोन फुटल्या. तिसरी फुगली. मग अशा फुगत गेल्या की बाहेरून गिऱ्हाइकानं विचारलं, आज कोणाचा हात आहे. अण्णांनी मला पडद्याबाहेर नेलं, डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर दोन वाक्यं बोलले. पहिलं मी रात्री फोनवर पप्पांना सांगितलं, शाळेत सांगितलं, पुढं दोन वर्षं स्वतःलाच सांगत राहिले. शालनची पोरगी आहे, हाताला गुण आहे.

तर कविता वहिनी पीठ मळायच्या काटवटीपुढं बसली होती. टोपल्यात तुकडेच तुकडे होते. डोळे धुरानं लाल झाले होते की कशानं, ते मी विचारलं नाही. मी म्हणाले, वहिनी, जरा सरका. कोण तू, असंही तिनं विचारलं नाही, सरकली. चुलीच्या कडेला पाण्याचं पातेलं उकळत होतंच. पीठ रुसलं की त्याला गरम पाण्यानं समजावायचं, हे आईचं वाक्य. मी उकळतं पाणी पिठात घातलं, उलथन्यानं हलवलं, झाकलं, जरा निवू दिलं. मग मळलं. हाताला चटके बसत होते, पण उंडा लोण्यासारखा झाला. थापली, दोन्ही हातांवर उचलली, तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी केली. ती हळूहळू फुगायला लागली. आधी एक फोड, मग दुसरा, मग दोन्ही मिळून अख्खी भाकरी चेंडूसारखी झाली. कविता वहिनी म्हणाली, अगं बाई.

चाचा कांदेवाल्यांसाठी हात पुढं करून उभेच होते. मी म्हणाले, ही चार नंबरची. आणि ताटलीत घेऊन स्वतः निघाले.

पडदा बाजूला सारून मी बाहेर आले तेव्हा कपाळावर पीठ होतं, ओढणी कमरेला खोचलेली होती आणि ताटलीत वाफ निघत होती. पंख्याखालपर्यंत दहा पावलं असतील. त्या दहा पावलांत मी जगातली सगळ्यात खूश मुलगी होते. मी भाकरी आईच्या ताटात ठेवली.

आईनं भाकरीकडं पाहिलंच नाही. ती माझ्या हातांकडं बघत होती.

तेवढ्यात अण्णा आले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर पडला, तसाच जड आणि उबदार. "ही आमच्या शालनची पोरगी," ते सगळ्या हॉलला म्हणाले. "हाताला गुण आहे." कांदेवाले म्हणाले, मग इकडं पण येऊ द्या की तो गुण. सगळे हसले, मीही हसले. मग अण्णा आईकडं वळले आणि त्यांनी दुसरं वाक्य म्हटलं. दोन वर्षांत त्यातला एक शब्दही बदलला नव्हता.

"शालन, हिला रविवारची दुसऱ्या चुलीवर बसव की. पोरगी तयार आहे."

ते ऐकलं आणि मला तो शनिवार पुरा आठवला. त्यानंतर आलेला सोमवारही आठवला. त्या सोमवारी आईची कंबर धरली होती. कंबर धरलेल्या बाईनं नऊ नऊ तास वाकून काज-बटण करायचं काम कसं धरलं, हे मी दोन वर्षांत विचारलंच नव्हतं.

"तिला शाळा आहे," आई म्हणाली.

"रविवारी कसली आलीय शाळा?"

"रविवारी ती खेळायला जाते," आई म्हणाली. "जिल्ह्याच्या संघात आहे ती."

अण्णा म्हणाले, वा वा, खेळावं की, खेळावं. आणि गेले. मी खुर्चीत बसले. आईच्या ताटात भाकरी अजून फुगलेली होती. मग तिच्या कडेतून बारीक वाफ सुटली आणि वरचा पापुद्रा हळूहळू खाली बसायला लागला. आई हात मांडीवर ठेवून बसली होती. चाचा भात घेऊन आले. भाकरी तशीच बघून थबकले.

"ताई, काही कमीजास्त झालं का?"

"नाही चाचा, चांगली आहे," आई म्हणाली. "कविताच्या हातची एखादी फुटकी असली तर तेवढी आणा."

चाचांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. ताटातली अख्खी भाकरी उचलली, आत नेली आणि टोपल्याखालची एक घेऊन आले. तिचे चार तुकडे झाले होते, एक कड काळी होती. गार तर होतीच. आईनं ती आमटीत मोडली आणि सगळी खाल्ली. वाटी पुसून खाल्ली. मी केलेली भाकरी कविता वहिनीनं खाल्ली असावी. जरा वेळानं चाचांनी तिची ताटली आतून रिकामी आणली, आणि नंतर पडद्याआड थप थप सुरू झाली ती पुन्हा थांबली नाही. गरम पाण्याचं तिच्या लक्षात आलं होतं.

मी भात खाल्ला की नाही, मला आठवत नाही.

बाहेर येऊन आईनं चपला घातल्या, मी बूट घातले. आम्ही बसस्टँडच्या दिशेनं निघालो. मी तिच्या दोन पावलं पुढं चालत होते, कारण मला रडायला येत होतं आणि जिल्हा संघातल्या मुलीनं रस्त्यात रडू नये असं माझं तेव्हा मत होतं.

"तुझ्यासाठी केली होती," मी मागं न बघता म्हणाले.

"माहीत आहे."

"फुगली होती. करपली नव्हती. तुला अख्खी मिळावी म्हणून केली होती, आणि तू तिथं सगळ्यांदेखत कविता वहिनीची फुटकी मागितलीस."

आई चालत राहिली. रसवंतीपाशी येऊन म्हणाली, "तुझ्या हातची मी घरी खाईन. त्या चुलीवरची नाही."

घरी आल्यावर तिनं जांभळी साडीही बदलली नाही. मला मोरीत नेलं, नळ सोडला आणि माझे हात कोपरापर्यंत धुतले, मी बालवाडीत असताना धुवायची तसे. नखांतलं पीठ तिच्या नखानं काढलं. उजव्या अंगठ्याला चटक्याचा फोड आला होता. त्यावर तिनं खोबरेल लावलं आणि फुंकर घालत बसली. मग विचारलं, सामना कधी आहे. मी सांगितलं. ती म्हणाली, मी येणार, सुट्टी टाकते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्यातून आली तेव्हा मी गॅसवर तवा ठेवला होता. तिनं पाय धुतले, भिंतीशी पाट टाकला, ताट पुढं ओढलं आणि बसली. गॅसवर भाकरी चुलीसारखी फुगत नाही, अर्धीच फुगते. ती अर्धी फुगलेली मी तिच्या ताटात टाकली. पहिला घास तिनं नुसताच खाल्ला, कशालाही न लावता. मग दुसरी मागितली.

आता मी दहावीत आहे. सरावाचा दिवस सोडला तर संध्याकाळच्या भाकऱ्या माझ्याकडंच असतात. एखादी फुटते. ती मी माझ्या ताटात घेते आणि आई हात लांब करून ती आपल्या ताटात ओढते. यावरून आमचं रोज भांडण होतं. काल तिनं माझ्या हातावर चमचा मारला.